कुमुदताई, कुठली घरं राहिली?

वाचणाऱ्यांनो, आधी तुम्हालाच विचारते. काही वर्षांपूर्वी दोन बायका तुमच्या दारात आल्या, सही घेतली, प्लास्टिकच्या एका नळीत तुम्हाला थुंकायला लावलं आणि ती नळी पिशवीत घालून निघून गेल्या. त्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत?

नाही विचारलंत. आपल्या हैदराबादेत कुणीच नाही: मलकपेठेत नाही, गौलीगुड्यात नाही, काचीगुड्यात तर नाहीच. शिकलेल्या माणसाने कागद पुढे केला की आपण सही करतो आणि विसरतो. मी यावर एक पत्रक काढलं होतं, तेही तुम्ही घडी करून खिशात ठेवलंत. असो. आज भांडायची ताकद नाही.

त्या दोघींतली एक मी, सुजाता. दुसऱ्या कुमुदताई, जनुकांच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या. त्या आता नाहीत. पुढचं सगळं मी त्यांच्याशी बोलणार आहे, पण तुम्ही ऐका. शेवटी तुमच्याकडे काम आहे.

ताई, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. मागची दोन वर्षं आपण बोललो नव्हतो, त्यामुळे बातमी कळली तेव्हा रडावं की नाही, हेच मला ठरवता येईना. बाबा म्हणाले, "जाऊन ये. भांडण जिवंत माणसाशी असतं." मी गेले. पण बाबांचं चुकलं. भांडण अजून आहे.

पहिलं भांडण पहिल्याच दिवशी झालं, आठवतं ना? हैदराबादच्या जुन्या मराठी घरांमध्ये कुठकुठल्या पिढ्यांचं मिश्रण आहे, ते जनुकांवरून शोधायचं होतं. संमतीपत्र लोकांना कळेल अशा मराठीत हवं होतं, आणि माझ्या वयाच्या इथल्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ती अडखळतात. मला वाचता येत होतं म्हणून हे भाषांतर माझ्याकडे आलं; वाचता येत होतं, कारण बाबा टेलिफोन ऑफिसातून येताना पत्रकं आणायचे. नांदेडहून कुणी आलं की सोबत गठ्ठा असायचाच. आमच्या मलकपेठच्या दोन खोल्यांत गोष्टीचं एकही पुस्तक नव्हतं, पण गादीखाली पत्रकं होती. "बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा" हे मी वाचलेलं पहिलं मराठी वाक्य.

तुम्ही माझा मसुदा वाचलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "अगं, हे संमतीपत्र आहे की मोर्चा?"

मग तुमच्या लक्षात आलं की जातीचा रकाना नाही.

"हा कुठे गेला?"

"मी नाही लिहिणार. आमच्या विहारातल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन जात विचारू?"

"मग कोण कुणात मिसळलं, ते मी कशावरून सांगू?"

"सगळे मिसळले, एवढं सांगा. बास."

"ते सांगायला पत्रक पुरतं. त्याला नळी कशाला?"

तीन दिवस हे चाललं. तुमच्या टेबलावरचा चहा गार व्हायचा आणि शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घ्यायची. शेवटी रकाना राहिला, पण त्याचं नाव बदललं: "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" उत्तर कोरं ठेवायची मुभा. आणि त्या बदल्यात मी खाली एक ओळ घातली: "या अभ्यासातून जे कळेल ते आम्ही तुमच्या घरी येऊन मराठीत सांगू."

इंग्रजी फॉर्ममध्ये ही ओळ नव्हती. तिथे होतं, निष्कर्ष प्रसिद्ध केले जातील. ऑफिसात मराठी वाचणाऱ्या एकट्या तुम्ही. ती ओळ तुम्ही दोनदा वाचलीत. "घरोघर जायचं म्हणजे पाय दुखणार," असं म्हणालात आणि भाषांतर मुळाबरहुकूम असल्याचा शेरा मारून सही केलीत. तो शेरा खोटा होता. मला वाटलं, मी तुम्हाला जिंकलं. आता वाटतं, किती चालावं लागेल ते तुम्ही तेव्हाच मोजलं होतं.

मार्कर म्हणजे काय, हे मला कळेना तेव्हा तुम्ही पुस्तक नाही उघडलंत. बसमध्ये बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "माणसाच्या जनुकांत लाखो जागा अशा असतात, जिथे माझं अक्षर वेगळं, तुझं वेगळं. त्या जागा म्हणजे मार्कर. एका जागेवरून काहीच कळत नाही. आता तू मघाशी कंडक्टरला 'नक्को' म्हणालीस. त्यावरून काय कळलं? सगळं शहर नक्को म्हणतं. पण मी तास दोन तास तुझं बोलणं ऐकलं, दखनी शब्द किती, तेलुगू किती, नांदेडकडचे किती हे मोजलं, तर तुझ्या घरात कोण कोण बोलत होतं, ते मला सांगता येईल. एकेक शब्द काही बोलत नाही. सगळे मिळून बोलतात."

मागच्या सीटवरची बाई पुढे वाकून म्हणाली, "बरोबर हाय मॅडम. आमच्या सुनेचं पण असंच हाय." तुम्ही इतक्या हसलात की आपला स्टॉप पुढे गेला.

आणि ते अर्धे तास. नियम साधा होता: थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. पण हा नियम लिहिणाऱ्याने आपल्या लोकांची घरं पाहिली नव्हती. गौलीगुड्यात, बस स्टँडमागच्या गल्लीत, शंकरमामांकडे गेलो तो दिवस घ्या. बस डेपोतून निवृत्त झालेले, तोंडात पान.

"मॅडम, या शहरात लोकं भिंतीवर फुकट थुंकतात, अन् तुम्ही घरी येऊन मागता?"

"मामा, चूळ भरा. अर्धा तास थांबते."

"थांबता तर चहा घ्या."

"आम्ही घेऊ. तुम्ही नका घेऊ."

"पाहुण्याने प्यायचा अन् मी तोंडाकडे बघायचं? आमच्यात असं नसतं."

आणि ते प्याले. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तीनदा चहा झाला आणि आपण दुपारपर्यंत तिथेच. शेवटी नळी हातात आली, तर मामांचं तोंड कोरडं. नळीवरच्या रेषेपर्यंत लाळ हवी आणि फेस धरायचा नाही. तुम्ही त्यांच्या कानाशी हळूच म्हणालात, "मामा, चिंच आठवा. कच्ची. मीठ लावलेली." नळी भरली. "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" या रकान्यात त्यांनी लिहिलं: मुलकी. संस्थानाच्या काळात इथल्याच मातीतल्या माणसाला म्हणायचे तो शब्द. मी चिडले, हे काय उत्तर झालं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रकापेक्षा बरं आहे. एका शब्दात आटोपलं."

खरं सांगू, काम त्या अर्ध्या तासांतच झालं. कुणाची आजी कुठल्या गावची, कुणाचा पणजा बायको सोडून कुठून पळून आला, कुणाचं नाव घरात घेत नाहीत. नळीत त्याचं उत्तर होतं आणि चहात प्रश्न.

पण एक अर्धा तास मी विसरले नाही, ताई. तुम्हीही विसरला नव्हतात, हे मला परवा कळलं.

काचीगुड्यातल्या वकीलवहिनी. तुमच्या ओळखीच्या, तुमच्यासारख्याच जुन्या घरातल्या. दारातच त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग ट्रे आला. तुमचा चहा फुलाफुलांच्या कपबशीत, त्यांचाही. माझा कागदी कपात. त्या तुमच्याबरोबर प्याल्या होत्या, त्यामुळे अर्धा तास थांबणं आलंच. तो अर्धा तास तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या सासऱ्यांच्या कोर्टकचेरीबद्दल बोललात. मी कपाच्या कडेवरचा कागद नखाने सोलत बसले.

बाहेर आल्यावर विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग?"

"मग नमुना गेला असता."

 त्यावर आपण नंतर कधीच बोललो नाही. मला तुमच्या तोंडून एक शब्द हवा होता. माफीही नको होती. "वाईट झालं" एवढं चाललं असतं.

अहवाल आला तेव्हा तुम्ही मला बोलावून समजावून सांगितलात. एकही घर एका मुळाचं निघालं नव्हतं. मलकपेठचं असो की काचीगुड्याचं, सगळ्यांत तेच जुने धागे, कमीजास्त प्रमाणात. उत्तरेकडून आलेले, दक्षिणेतलेच असलेले, फार पूर्वी एकमेकांत मिसळलेले. मी टाळी वाजवायच्या बेतात होते. तुम्ही बोट वर केलंत. "अर्धंच ऐकलंस. मिसळण जुनी आहे. त्यानंतर दारं बंद झाली. लग्नं आपल्या-आपल्यात होत राहिली, पिढ्यान्‌पिढ्या. तेही जनुकांत दिसतं. हा भागही सांगावा लागेल."

"कुणी बंद केली?"

"ते जनुकांत लिहिलेलं नसतं, सुजाता."

"तुम्हाला तर माहीत आहे ना?"

तुम्ही चष्मा पुसत बसलात. मी म्हटलं, हा भाग कागदावर आला की कुणीतरी तो उचलेल आणि म्हणेल, बघा, आम्ही वेगळेच होतो. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर घरी जाऊन सांगायचं. कागदावर सोडलं तर ज्याला जे हवं, तेवढंच तो वाचतो."

आणि मग कुणीच गेलं नाही. अहवाल इंग्रजीत निघाला, प्रकल्प संपला, तुम्ही निवृत्त झालात. ऑफिस म्हणालं, घरभेटी कामाचा भाग नव्हत्या. त्यांच्या फॉर्मप्रमाणे ते खरंच होतं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "थांब जरा." मला थांबायची सवय नाही. जयंतीच्या मिरवणुकीत मी पत्रक वाटलं. त्यात लिहिलं होतं: "आमची लाळ नेली, उत्तर आणलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, त्यांच्याबरोबर वचनही निवृत्त झालं." ही ओळ मला फार आवडली होती. लोकांनी पाठ थोपटली. आज ती वाचवत नाही.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला.

"पत्रक मिळालं. भाषा चांगली आहे. एक चूक आहे."

"कुठली?"

"तू लिहिलंस, विज्ञानाने सिद्ध केलंय की आपल्यात भेद नाहीच. भेद नसता तर तुला पत्रक कशाला काढावं लागलं असतं?"

मी म्हटलं, तुम्हाला अजूनही चुका काढायच्या आहेत. तुम्ही म्हणालात, "आणखी एक सांगायचं होतं." मी फोन ठेवला.

ताई, दोन वर्षांत मी तो फोन उचलून परत लावला नाही. आधी राग होता. मग नोकरी होती. मग नुसताच कंटाळा. समजावून सांगायचा कंटाळा, तेच तेच पुन्हा लिहायचा कंटाळा, प्रत्येक नव्या घरात आडनाव सांगताना आवाज सरळ ठेवायचा कंटाळा. तुम्ही आजारी आहात, हे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. परवा तुमची भाची म्हणाली, शेवटी तुमचं तोंड सारखं कोरडं पडायचं, ती कापसाने पाणी लावायची. मला चिंच आठवली. मी तिथे असायला हवं होतं, एवढंच सांगायला.

तुमच्या बैठकीच्या खोलीत चटया टाकल्या होत्या. मी दाराजवळ बसले. समोर शंकरमामा. मला वाटलं ते मला ओळखणार नाहीत.

"तू ती नळीवाली पोरगी ना? आज एकटीच?" मग त्यांची नजर तुमच्या फोटोकडे गेली. म्हणाले, "बाई आल्या होत्या की उन्हाळ्यात. थैली घेऊन. म्हटलं, आता परत थुंकू का? म्हणाल्या, नको, मी सांगायला आले."

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला.

"काय सांगितलं?"

"म्हणाल्या, मामा, तुमच्यासारख्या सगळ्या घरांत सगळीकडचं आहे. वरचं, खालचं, लई जुनं. म्हटलं, ते तर आमच्या घरातल्या भांडणावरूनच कळतं. मग म्हणाल्या, पण नंतर दारं बंद झाली, तेही दिसतं. म्हटलं, कुणी केली हो बंद?" मामा माझ्याकडे बघत होते. "तर म्हणाल्या, आमच्यासारख्यांनी."

ताई, मी हाच प्रश्न तुमच्या टेबलासमोर उभी राहून विचारला होता.

मामा म्हणाले, गल्लीतली आणखी दोन-तीन घरं त्यांनी त्या दिवशी केली. बसने आल्या होत्या. जिना चढताना दोनदा बसल्या. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मावशी देवळात जाते.

मग वकीलवहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला ओळखलं नाही त्यांनी. त्या भाचीला सांगत होत्या, "माझ्याकडे आली होती गं दिवाळीनंतर. इतकं छान समजावलं. पण काय हट्ट बघ. चहा आणला तर म्हणाली, मला कागदी कपात दे. म्हटलं, अगं तुला कशाला? घरात नाहीतही आता. तर म्हणाली, मग चहा राहू दे. न पिता गेली. आजारामुळे असेल, नाही का?"

भाची म्हणाली, "असेल."

 नमुना जायची भीती आता कुणालाच नव्हती, तरी मी बोलले नाही. उठले, तुमच्या फोटोसमोर उभी राहिले, आणि बाहेर येऊन स्टेशनच्या दिशेने चालत सुटले.

खूश व्हायला हवं होतं का? झाले नाही. नुसती दमले. तो चहा तुम्ही माझ्यासमोर नाकारायला हवा होता, तेव्हाच. माझ्या पाठीमागे, इतक्या वर्षांनी, एका बाईसमोर जिला कळलंही नाही, त्याचा मला काय उपयोग? हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "बरोबर आहे," आणि मग कुठलीतरी चूक काढली असतीत. "आणखी एक सांगायचं होतं" ते हेच होतं का, की आणखी तिसरंच काही, हे आता मला कळणार नाही. त्याच्यासोबत राहावं लागेल.

पण एक कबूल करते. मी ओळ लिहिली आणि तुम्ही ती चाललात. माझं पत्रक एका दुपारी वाटून संपलं. तुम्ही दुखऱ्या पायांनी घर करत गेलात, पत्रक नाही, फोटो नाही, कुणाला सांगणं नाही. ज्या ऑफिसने वचन दिलं नव्हतं, त्याच्या नावावर नाही. त्या खोट्या शेऱ्याखाली केलेली सही तुम्ही एकटीने खरी करत होतात. आणि मी तुम्हाला वचन मोडणारी म्हणून छापलं. ती ओळ मी मागे घेते. हे पत्रकासारखंच, सगळ्यांसमोर.

आता अडचण अशी आहे, ताई. तुम्ही किती घरं केलीत, आणि कुठली राहिली? नावांची यादी ऑफिसच्या कपाटात आहे आणि तिथेच राहायला हवी, ते वचनही आपलंच. तुम्ही घरं आठवणीने शोधलीत, जिना आणि चहा आठवून. मला माझ्या वाटच्या गल्ल्या आठवतात, सगळे दरवाजे आठवत नाहीत. ज्या दिवशी मी आले नव्हते, त्या दिवसांची घरं तर फक्त तुम्हालाच माहीत.

म्हणून वाचणाऱ्यांनो, पुन्हा तुमच्याकडे वळते. हा लेख आज घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना मराठी वाचता येत नाही, अशी मुलं जवळ बसवा. मग घरातल्या जुन्या माणसाला विचारा: तुम्ही कधी नळीत थुंकला होता का, आणि नंतर कुमुदताई येऊन काही सांगून गेल्या का? थुंकला असाल आणि त्या आल्या नसतील, तर तुमचं घर राहिलं आहे. हा अंक ज्यांनी तुमच्या हातात दिला, त्यांच्याजवळ निरोप ठेवा. आडनाव नको, जात नको, नुसती गल्ली आणि मजला सांगा.

मी येईन. अर्धं नाही, पूर्ण सांगेन. मिसळणही आणि बंद दारंही, आणि ती कुणी बंद केली तेही. या वेळी थांबायचं काही कारण नाही, त्यामुळे चहा आधीच ठेवा. कप कुठलाही चालेल. सगळ्यांना एकसारखा द्या.